हौशीरामचा हंडा

१

“मावशी, काय बी घाला. चिमूटभर साखर घाला, मूठभर शेंगा घाला, पर भांडं रिकामं देऊ नका. वाटंनं मी काय खायाचं?”

दारात उभा राहून हौशीराम हे बजावायचा. आमच्या लोणावळ्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही. पातेलं आणलं असेल तर ते जाताना त्यात काहीतरी जायलाच हवं. ही रीत आमच्या सासूच्याही आधीची. पण भांडं पोचवायचं कुणी, हा प्रश्न असायचा, आणि तो या पोराने कुणीही न सांगता आपल्या अंगावर घेतला होता. या घरची परात त्या घरी, त्या घरचं तपेलं या घरी. कुणाचं काय कुठे आहे ते त्याच्या डोक्यात पक्कं. भांड्यातलं अर्धं वाटेत त्याच्या पोटात जायचं हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही मुळातच दुप्पट घालायचो. सोळाव्या वर्षी तो एवढा उंच झाला होता की आमच्या दारातून आत येताना त्याला रोज कपाळमोक्ष व्हायचा आणि रोज त्याला त्याचं नवल वाटायचं.

त्याची आई कस्तुराबाई म्हणायची, लोकांची भांडी घरी पोचवतोय, स्वतः कधी घरी पोचायचा कोण जाणे.

असा हा पोरगा श्रावणात मुदतीच्या तापाने गेला. कस्तुराबाईचा नवरा आधीच गेलेला. तिने पुण्याहून तांब्याचा मोठा हंडा घडवून आणला, त्यावर लेकाचं नाव घालून घेतलं आणि देवळाच्या ओवरीत लाकडी तिवईवर ठेवला. उन्हाळाभर त्यातलं पाणी वाटसरूंनी प्यालं.

पुढच्या श्रावणात, म्हणजे एकोणीसशे चोवीस साली, नारळी पौर्णिमा झाल्यावर एका सकाळी कस्तुराबाई चिंच आणि राख घेऊन हंडा घासायला देवळात आली. वद्य दशमीला पोराचं वर्षश्राद्ध होतं.

ओवरीत तिवई होती. हंडा नव्हता.

मी तेव्हा गाभाऱ्यासमोर बसले होते. श्रावणात माझी दोन व्रतं असतात. दुपारी पान वाढून घास घेईपर्यंत मौन, आणि महिनाभर बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे नांगरटीचं धान्य नाही, फक्त आपोआप उगवलेल्या रानभाज्या आणि कंद. दुसऱ्या व्रताबद्दल आमच्या घरून तक्रार आहे. पहिल्याबद्दल नाही.

कस्तुराबाई रडली नाही. माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “रतनबाई, वरीस झालं, माझ्यासमोर कुणी त्याचं नाव घेत न्हाई. मी रडंन म्हणून घेत न्हाईत. त्या हंड्यावर तेवढं लिवलेलं हुतं, येणारा-जाणारा वाचायचा. आता त्ये बी गेलं. श्राद्धाच्या आत हुडकून द्याल का?”

मला बोलता येत नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. दुपारी माझं तोंड उघडलं तोवर रतनबाईंनी हंडा शोधायचं कबूल केलंय हे साऱ्या बाजाराला कळलेलं होतं.

२

गावात शोध लावणारा माणूस आधीच हजर होता. कोंडाजी हवालदार. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण मिशा अजून कामावर होत्या. त्याने ओवरीत येऊन काठीने जमीन ठोकली, वाटेत येणारं हंड्याचं झाकण आणि पाणी काढायचं ओगराळं उचलून कोपऱ्यात सारलं आणि पावलांचे ठसे शोधू लागला. त्याला खूप ठसे मिळाले. देऊळच ते.

मग त्याने आपला सिद्धांत मांडला. हंडा तांब्याचा. तांबं वितळतं. वितळवायला भट्टी लागते. बाजारात भट्टी कुणाची, तर मेहबूब कल्हईवाल्याची. तेव्हा चोर सापडला, आता फक्त पुरावा राहिला.

तो तडक मेहबूबच्या दुकानावर गेला, मागून अर्धा बाजार. मेहबूबच्या घराण्याने आमच्या तीन पिढ्यांच्या भांड्यांना कल्हई केलेली. तो शांतपणे म्हणाला की एवढं तांबं वितळायला फार मोठी आग लागते, आणि या पावसात त्याच्या भट्टीवर चहासुद्धा वेळेवर होत नाही. लोक हसले. कोंडाजी हसला नाही. मला मात्र एक दिसलं. बोलताना मेहबूबची नजर हवालदाराच्या चेहऱ्यावर नव्हती, ती देवळाकडे होती. माणूस निर्दोष होता, पण मोकळा नव्हता.

मी पुन्हा ओवरीत गेले. कोंडाजीने बाजूला सारलेलं झाकण हातात घेतलं. चांगलं जड, तांब्याचंच. तांब्यासाठी हंडा पळवणारा चोर तांब्याचं झाकण ठेवून जातो का? ओगराळंही तसंच. झाकण ठेवून हंडा नेतो तो परत आणणाराच असतो. मी आजवर शेजारणीकडून कितीतरी पातेली आणली, झाकण कधी आणलं नाही.

आणि तिवईच्या पायाशी मुंग्यांची रांग होती. वाकून पाहिलं. मुंग्या ज्वारीच्या लाह्या ओढून नेत होत्या.

लाह्या नागपंचमीच्या. पण नागपंचमीचा नैवेद्य वारुळाला जातो, ओवरीच्या कोपऱ्यात कशाला येईल? एकच उत्तर होतं. लाह्यांनी भरलेलं एक मोठं भांडं त्या तिवईवर कुणीतरी आणून ठेवलं होतं.

हंडा एकदा बाहेर जाऊन आला होता. आणि मग पुन्हा गेला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दत्तोबा गुरवासमोर जाऊन बसले. देवळाची झाडलोट, घंटा, दिवाबत्ती सगळं त्याच्याकडे. माझं मौन होतं, त्यामुळे मी काही विचारलं नाही. नुसती बसले.

समोर कुणी गप्प बसलं की माणसाला ते सोसत नाही. दत्तोबा आधी पावसावर बोलला. मग गुडघ्यांवर. मग म्हणाला, श्रावणात पाणपोईचा काय उपयोग, आपल्याकडे तहानलेल्याने नुसतं वर तोंड केलं तरी भागतं. मी गप्प. मग म्हणाला, बसून राहिलेल्या तांब्याला हिरवं चढतं, भांडं वापरात हवं. मी गप्प. मग म्हणाला की त्याने हंडा कुणालाही दिलेला नाही, देवाशप्पथ. आणि थोड्या वेळाने म्हणाला की ज्यांना त्याने तो दिला नाही त्यांनी घासूनपुसून फार छान परत केला, आणि लाह्यांत गुळाचे खडेसुद्धा होते.

मी त्याच्याकडे पाहिलं.

“नंदाबाईला इचारा,” तो खाली बघत म्हणाला. “पर मी सांगितलं असं बोलू नका.”

मी बोलणार नव्हतेच, दुपारपर्यंत तर नाहीच. त्याला तेवढ्यावर समाधान वाटलं.

नंदाबाईचं स्टेशनाजवळ गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीचं दुकान. पाक तिचा गोड, जीभ त्याच्या उलट. मी जेवण आटोपून, तोंड उघडल्यावर गेले, तर मी बोलायच्या आतच ती सुरू झाली. व्हय, हौशीराम तिच्याकडे होता. लेकीची मंगळागौर होती, यंदा नागपंचमी मंगळवारीच आलेली, घरात बायकांची ही गर्दी, पाणी साठवायला मोठं काही नको का? दोन दिवस हौशीराम माजघरात होता. जाताना लेकीने त्याला असा चकचकीत केला की तोंड दिसावं.

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. गावात त्या हंड्याला कुणी हंडा म्हणतच नव्हतं. हौशीराम कुठाय, हौशीरामला जरा उचलू लाग, हौशीराम चुलीपाशी नको, काळा होईल. असं चाललं होतं. आणि कस्तुराबाई दिसली की सगळे गप्प.

नंदाबाईने निक्षून सांगितलं की तिने हंडा काठोकाठ लाह्यांनी भरून परत केलाय, आणि हे मी चारचौघांत सांगावं, कारण दत्तोबा लाह्या खाऊन लाह्यांचं नाव घेणार नाही.

म्हणजे पहिली फेरी कळली. दुसऱ्यांदा हंडा कुणी नेला ते दत्तोबा काही केल्या सांगेना. त्या नावाशी आला की त्याला गाभाऱ्यात काहीतरी काम आठवायचं.

४

इकडे कोंडाजीचा तपास पुढच्या पायरीवर गेला होता. त्याने दवंडी पिटली. ज्याच्या घरी तांब्या-पितळेचं मोठं भांडं असेल त्याने ते देवळासमोर आणून मांडावं, नावं तपासली जातील.

भर पावसात लोक इरली पांघरून, डोक्यावर हंडे, घंगाळं, पराती घेऊन आले. कोंडाजीने भांड्यांची रांग लावली. त्याला वाचायला चष्मा लागायचा आणि चष्म्यावर पाऊस पडत होता, म्हणून एकेका भांड्यासमोर उकिडवं बसून तो बोटाने अक्षरं चाचपू लागला.

पहिली कळशी दत्तोबाच्या घरची. नाव निघालं मेहबूबच्या वडलांचं.

मेहबूबच्या घरची परात. नाव नंदाबाईच्या सासूचं.

नंदाबाईचा हंडा आला, त्यावर कोंडाजीच्याच आजीचं नाव. कोंडाजी उभा राहिला, मिशांवर हात फिरवला आणि म्हणाला, चोर सापडला. त्याच वेळी त्याची बायको गर्दीतून पुढे आली आणि स्वयंपाकघरातलं मोठं तपेलं तिने रांगेत ठेवलं. त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, देवस्थानास अर्पण.

आमच्या घरच्या घंगाळावर कुणाचं नाव निघालं ते मी इथे सांगत नाही. श्रावण आहे, खोटं बोलता येत नाही.

रांगेतलं जवळजवळ एकही भांडं आपल्या घरी नव्हतं. कोंडाजी बराच वेळ त्या रांगेकडे पाहत राहिला. सगळं गावच चोर ठरत होतं, आणि त्यात त्याचं स्वतःचं घरही येत होतं. शेवटी त्याने जाहीर केलं की पावसामुळे तपास तहकूब करण्यात येत आहे. लोक हसून हसून बेजार झाले. नंदाबाई तर परातीवरच बसली.

मग कुणीतरी सहज म्हणालं, “हौशीराम गेल्यापासनं भांडी घरला गेलीच न्हाईत की.”

हसणं थांबलं. प्रत्येकाने आपल्या भांड्याकडे पाहिलं. वर्षभर आम्ही नुसतं घेत गेलो होतो. परत करायचं मनात सगळ्यांच्या होतं, पण त्यात घालायला काही करायचं, मग वेळ काढायचा, मग पावसातून जायचं. आज नको, उद्या. पोचवणारा नव्हता आणि पोचवणारा नाही हे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. लोक खाली मान घालून भांडी अदलाबदल करू लागले.

मी तिथेच थांबले, कारण मला आता चोर शोधायचा नव्हता. या गावात भांडं चोरीला जात नाही. ते अडकून पडतं. प्रश्न एवढाच होता की हौशीरामचा हंडा कुठे अडकला, आणि कशाने.

आणि मेहबूबची बायको अजीजुन्निसा एवढ्या गर्दीत कुठेच नव्हती. मी तिला शोधतेय हे पाहून शेजारीण म्हणाली, ती हल्ली रोज कुसगावच्या वाटेला असते.

५

दुपारी मी मेहबूबच्या घरी गेले. त्याने चटई टाकली, स्वतः उभाच राहिला. मी म्हटलं, मेहबूबभाऊ, मोहरम यंदा श्रावणातच आला होता. एवढंच. तो खाली बसला.

त्याने सगळं सांगितलं. मोहरमचं सरबत वाटायला मोठं भांडं हवं होतं. दत्तोबाने आपणहून हंडा दिला, कारण त्याची पोरं दरसाल ते सरबत पितात. पण देवळातलं भांडं दिलं हे पंचांच्या कानावर गेलं तर गुरवाला बोल लागेल, म्हणून मेहबूबने तोंड शिवून घेतलेलं. कोंडाजी चोर म्हणाला तरी तो दत्तोबाचं नाव घेणार नव्हता. सरबताला लिंबू लागतं आणि लिंबू उघड्या तांब्यात कळकतं, म्हणून त्याने हंड्याला आतून कल्हई केली. अशी कल्हई त्याने लग्नाच्या देगीलाही कधी केली नव्हती.

“आमच्या पोरांस्नी त्या पोरानं उन्हाळाभर लय पानी पाजलंय, मावशी,” तो म्हणाला. “यंदा त्याच्या नावाचं सरबत वाटलं.”

सरबत झाल्यावर अजीजुन्निसाने हंड्यात मोहरमचे चोंगे, म्हणजे गुळाचे गोड रोट, शिगोशीग भरले आणि स्वतः कडेवर घेऊन देवळाकडे निघाली. पण हंडा देवळात पोचलाच नाही.

का नाही पोचला, ते मेहबूबला माहीत नव्हतं. त्याने बायकोला विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं. तिच्यापुढे तो जास्त विचारत नाही, असं त्याने मला विश्वासात घेऊन सांगितलं.

तेवढ्यात अजीजुन्निसा आली. इरलं उतरवून तिने पदराला हात पुसले. हातांना तेलाचा आणि ओव्याचा वास येत होता. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली आहेत, मग धर्म कोणता का असेना. तिला कळलं मी कशाला आले ते.

मी तिला हंड्याबद्दल विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “रतनबाई, बाळंतिणीच्या घरात काय हाय आन काय न्हाई, ते सुईणीनं भाईर सांगायाचं नसतं. सांगायाचं असंल तर तिनं बाळंतिणीला हातच लावू नये.”

तिने काही सांगितलं नाही, आणि मला सगळं कळलं.

झाकण मागे राहिलं, म्हणजे हंडा उसना नेलेला. पहिल्या खेपेला तो भरून परत आला. दुसऱ्या खेपेलाही भरूनच निघाला, आणि अशा बाईच्या कडेवर जिच्यावर सारं गाव आपले जीव सोपवतं. वाटेत तिला कुणीतरी अडलेल्या बाईसाठी बोलावलं असणार. बाळंतिणीच्या घरात सगळ्यात आधी काय लागतं? मोठ्या भांड्यात कढत पाणी. चोंगे त्या घरात खाल्ले गेले, हंडा चुलीवर चढला. ठीक. पण पुढे तो परत का येईना? ज्या घरात हंडा दाबून ठेवायची नियत असती तिथून अजीजुन्निसाने तो स्वतः उचलून आणला असता. ती आणत नव्हती. म्हणजे त्या घराला हंडा परत द्यायचा होता, पण देता येत नव्हता.

त्यात घालायला घरात काही नव्हतं.

६

श्राद्धाच्या आदल्या दुपारी मी टोपली घेऊन कुसगावच्या वाटेला लागले. मी कुणाचं घर शोधायला निघाले नव्हते, भाजी खुडायला निघाले होते, आणि ते खरंच होतं. आमच्या मागल्या परसातला टाकळा मी कधीच संपवला होता.

गावाच्या कडेला एका झोपडीसमोर दोरीला तान्ह्याचे लंगोट टांगलेले. दारातून धूर. आत शालूबाई. तिचा नवरा सोपान रेल्वेच्या गँगमध्ये, घोरावाडीच्या बाजूला काम चाललेलं, तिकडेच राहायचा. मांडीवर मुलगी, आणि चुलीवर हंडा. बुडाशी काळा ठिक्कर, पण ज्या अंगाला नाव होतं ते अंग आगीपासून दूर, भिंतीकडे फिरवून ठेवलेलं. त्या अंगाला काजळीचा ठिपका नव्हता.

मला पाहून ती उठू लागली. मी बस म्हटलं.

“रोज म्हनते, उद्या न्हेऊन देते,” ती म्हणाली. “देवाचं भांडं हाय, म्या ठेवून घेनार न्हाई. पर नुसतं कसं न्ह्यायाचं, त्यात...”

पुढचं मी तिच्याकडून वदवून घेतलं नाही. मी मागच्या अंगणात गेले. तिथे टाकळा, कुर्डू, भारंगी अशी माजली होती की झोपडीची कूड दिसेना. मी परत येऊन तिला म्हटलं, की बाई, मी श्रावणभर बैलाच्या कष्टाचं खात नाही, बाजारात मला काही चालत नाही, आणि माझ्या परसात आता काडी उरलेली नाही. उद्या एका घरी पान आहे आणि माझ्या पानात वाढायला त्यांच्याकडे काही नाही. एवढी भाजी मला देशील का?

ती माझ्याकडे बघत राहिली. ही बाई मला दया दाखवते आहे का, हे ती तपासत होती. कोंडाजीपेक्षा तिचा तपास कडक होता. पण व्रत खरं होतं आणि टोपली रिकामी होती.

“मावशी, ह्ये तर गुरं बी खात न्हाईत.”

“गुरांना व्रत नसतं,” मी म्हटलं.

ती हसली. मग पोर माझ्या मांडीवर देऊन स्वतः उठली. मी नको नको म्हणत असताना तिने हंडा उतरवला, राखेने आतून पुसला, कोवळी कोवळी भाजी खुडून त्यात दाबून भरली. काठाच्या वर येईपर्यंत भरली. मग माझ्यासमोर ठेवून हनुवटी वर करून म्हणाली, “भरून दिलाय म्हनावं.”

मी म्हटलं, सांगते. आणि तिला शब्द दिला की तिची बाळंतपणाची न्हाणी उठेपर्यंत हंडा तिच्याकडेच राहील. फक्त उद्याचा दिवस दे, उद्या संध्याकाळच्या आत परत येईल, आणि कुणाचं घर हे माझ्या तोंडून निघणार नाही.

७

वद्य दशमीला सकाळी मी कस्तुराबाईच्या अंगणात जाऊन हंडा तिच्यासमोर ठेवला. आणि गप्प उभी राहिले, कारण अजून दुपार झाली नव्हती.

श्राद्धाला बोलावलेले सगळे मांडवात होते. दत्तोबा, नंदाबाई, कोंडाजी आणि त्याची बायको. मेहबूब आणि अजीजुन्निसा पायरीशी. कस्तुराबाईने हंड्याभोवती फिरून पाहिलं. बूड काळं. आत भाजी, भाजीखाली कल्हईचा पांढरा लखलखाट. नाव मात्र घासून घासून तिने घडवून आणलं होतं त्याहून उजळ झालेलं.

“कुटं हुता ह्यो?” तिने मला विचारलं.

मी बोटाने ओठांकडे दाखवलं. मग ती इतरांकडे वळली. आणि तिथे माझ्या मौनाचं काम आपसूक झालं, कारण आता कुणालाच गप्प राहवेना.

दत्तोबा म्हणाला, बसून राहिला असता तर हिरवा पडला असता, म्हणून हौशीरामला जरा बाहेर धाडला. नंदाबाई म्हणाली, हौशीराम माझ्याकडे मंगळागौरीला होता आणि मी लाह्या भरून धाडला, लाह्यांचं काय झालं ते गुरवाला विचारा. मेहबूब म्हणाला, हौशीरामला आमच्याकडे कल्हई झाली, हात लावून बघा. नंदाबाई म्हणाली, कल्हईचं मोठं सांगू नका, हौशीरामचा खरा थाट माझ्या माजघरात होता, साऱ्या पोरी हौशीरामभोवती फेर धरून नाचल्या. कोंडाजी म्हणाला, हौशीरामच्या तपासात आपल्याला सर्दी झाली ती अजून गेली नाही.

मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण कुणासमोर काय बोलतोय. नंदाबाईने तोंडाला पदर लावला. दत्तोबा गाभारा शोधू लागला, पण तिथे गाभारा नव्हता.

कस्तुराबाई हंड्यावर हात ठेवून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचा चेहरा मी वर्षभरात तसा पाहिला नव्हता.

“थांबलासा का?” ती म्हणाली. “बोला की.”

मग कोंडाजीची बायको हळूच म्हणाली, की हौशीराम तिच्याकडून जाताना नेहमी उंबऱ्यावर बसून शेंगा संपवायचा आणि टरफलं हवालदाराच्या बुटात टाकायचा. कोंडाजी बायकोकडे वळून पाहत राहिला. इतकी वर्षं तो उंदरांना शिव्या देत होता. मग जे सुरू झालं ते पानं मांडेपर्यंत थांबलं नाही. कोण पोराबद्दल बोलतंय आणि कोण हंड्याबद्दल, हे कुणी वेगळं काढत बसलं नाही, आणि कस्तुराबाई प्रत्येकाला मग, मग, असं म्हणत राहिली.

माझ्या पानात टाकळ्याची आणि कुर्डूची भाजी होती. पहिला घास घेतल्यावर मी कस्तुराबाईला बाजूला नेऊन सांगितलं. एका घरी हंडा अजून हवा आहे. मी शब्द दिलाय की तो आज परत येईल. घर कुणाचं ते मला सांगता येत नाही.

तिने घर विचारलं नाही. भाजी त्याच घरची का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. कोंडाजी मधे येऊन सांगू लागला की हंड्याला आता साखळी आणि कुलूप हवं, त्याच्याकडे चावडीचं जुनं कुलूप आहे. त्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघा, असं त्याच्या बायकोने सुचवलं.

कस्तुराबाई आत गेली. माळ्यावरून तिने सुक्या लाकडाच्या ढलप्या काढल्या, मृगाच्या आधी फोडून जपलेल्या. आमच्याकडे श्रावणात सुक्या लाकडासारखी दुसरी चीज नाही. आणि ते जळून गेलं की परत काय द्यायचं ही चिंता कुणाला राहत नाही. तिने हंडा भरला, वर फडकं बांधलं.

“शब्द तुमचा,” ती मला म्हणाली, “पर हंडा माझ्या पोराचा. मी न्हेते.”

तिने इरलं पांघरलं, हंडा कडेवर घेतला आणि उंबऱ्याशी थांबली. मी कोणती वाट सांगणार नव्हते. पायरीशी अजीजुन्निसा तेलाची बाटली कनवटीला लावून आपल्या रोजच्या फेरीला निघत होती. तिने कस्तुराबाईकडे पाहिलं नाही. काही बोलली नाही. कुसगावच्या वाटेला लागली आणि चार पावलांवर चाल जराशी मंद केली.

कस्तुराबाई तिच्यामागून पावसात उतरली.